काय कमी पडलं?

आमच्या घराण्यात लग्नं तारखेवरून लक्षात ठेवत नाहीत. धाकट्या आत्याचं लग्न म्हणजे ‘मठ्ठा खारट झाला होता ते’, चुलतभावाचं ‘जिलबी संपली ते’ आणि मामेबहिणीचं ‘अळूनं घसा खवखवला ते’. तिच्या नवऱ्याचं नाव आठवायला वेळ लागतो, अळू मात्र पटकन आठवतं. एप्रिल २०२१मध्ये सरकारनं लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा ठेवली होती, नियम मोडला तर ५० हजार दंड. तेव्हा एका भाच्यानं घरच्या घरी कार्य उरकलं. मोजकी माणसं, घरचा स्वयंपाक, काही कमी पडायला वावच नव्हता. त्या लग्नाचं नाव पडलं ‘बोलावलंच नाही ते’.

तेव्हा लग्नातलं उत्तम जेवण कोणतं, तर जे दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाही आठवत नाही ते, हे माझं मत वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून पक्कं झालेलं. आणि नेमकी आमची कन्या म्हणाली, “बाबा, माझ्या रिसेप्शनचं जेवण लोकांच्या जन्मभर लक्षात राहिलं पाहिजे.”

आम्ही मूळचे जळगावकडचे, नोकरीपायी पुण्यात स्थिरावलेले. व्याही नागपूरचे. रिसेप्शन डिसेंबरात, पुण्यातल्या एका लॉनवर, आणि केटरर पिढीजात पुणेकर. म्हणजे इकडून तिखट, तिकडून त्याहून तिखट आणि मध्ये आमटीत गूळ घालणारा माणूस.

केटररनं आम्हाला टेस्टिंगला बोलावलं. ज्यांनी या वाटेनं अजून प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. केटररकडे दुसऱ्या कुणाचं तरी कार्य असतं, त्या दिवशी भटारखान्याच्या मागच्या अंगाला एक टेबल मांडून आपल्याला सगळं थोडं थोडं चाखायला देतात. पलीकडे मंगलाष्टकं चालू असतात आणि आपण अनोळखी माणसाच्या लग्नात आहेर न देता जेवत असतो. मला हा प्रकार फार आवडला. तेवढाच.

पहिला पदार्थ आला तो वरणभात शॉट. बोटभर उंचीचा काचेचा पेला. तळाशी आंबेमोहोर भात, त्यावर गोडं वरण, वरती तुपाचा एक ठिपका आणि पेल्याच्या कडेला खोचलेली लिंबाची गोल चकती. सोबत कान कोरायच्या मापाचा चमचा. आमच्या आईनं तो पेला उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिला आणि विचारलं, “हे जेवणाआधी घ्यायचं, का नंतर?”

मग मसालेभाताचे गोळे. आत चीज, बाहेर ब्रेडचा चुरा, वर कोथिंबिरीचं एकच पान. काळा टी-शर्ट घातलेला मुलगा अदबीनं म्हणाला, “सर, ही इटालियन कन्सेप्ट आहे. तिकडे राहिलेल्या भाताचे असे बॉल्स तळतात.”

“राहिलेल्या भाताचे?” बायको म्हणाली. “मग ती आमची कन्सेप्ट आहे.”

पुरणपोळीचा टाको, श्रीखंडाची पाणीपुरी, गुलाबजाम घातलेला चीजकेक ही मंडळी मी भराभर मागे टाकतो. एकच सांगतो, श्रीखंडाची पाणीपुरी फोडायची नसते, अख्खी तोंडात घालायची असते, हे आम्हाला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मेहुण्याच्या शर्टाला सांगायला हवं होतं.

लाइव्ह काउंटरचं कार्ड वेगळं होतं, हॉटेलातल्या मेन्यूसारखं प्लॅस्टिकमध्ये मढवलेलं. पास्ता, मोमो, तवा डोसा वगैरे खालच्या इयत्तेतले. वरच्या इयत्तेत नायट्रोजन आइस्क्रीम. उणे १९६ अंशांचं द्रव ओततात, धुराचे लोट येतात, पाहुणे मोबाईल काढतात आणि मिनिटभरात आइस्क्रीम तयार. मी म्हटलं, “आमच्याकडे सत्तरीपुढचे साठ पाहुणे आहेत. त्यातले निम्मे कोमट पाणी मागतात.” त्याखाली फायर पान होतं. म्हणजे पेटवलेला विडा समोरच्याच्या तोंडात कोंबायचा. मला थोरली आत्या दिसली. तिची कवळी दिसली. मी पान उलटलं, कार्डाचं.

दराची भानगडही समजून घेतली. ताटाचा दर वेगळा, काउंटरचा वेगळा आणि काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या टोपीवाल्याचा वेगळा. टोपी जितकी उंच तितका दर जास्त, असं माझ्या लक्षात आलं. मी बिनटोपीचा माणूस मिळेल का विचारलं, तर कन्येनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा प्रश्न पाण्याबरोबर गिळला.

त्याच रात्री व्याह्यांचा व्हिडिओ कॉल आला. “आमची काहीच डिमांड नाही जी,” ते म्हणाले. मी सावध झालो. वरपक्षाच्या तोंडचं याहून धोकादायक वाक्य मराठीत नाही. “फक्त पाटोडी राहिली पाहिजे. अन् रस्सा असा पाहिजे, का कान गरम झाले पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी मी हे केटररच्या कानावर घातलं. ते म्हणाले, “रस्सा तिखट करू. चिमूटभर गूळ लागेल.” मी म्हटलं, गूळ नको. ते म्हणाले, “मग तो रस्सा होणार नाही.” मी त्यांना सरळ व्याह्यांशी जोडून दिलं. बेसनाच्या वड्या आणि त्यावरचा लाल रस्सा या विषयावर दोन कर्तबगार पुरुष पंधरा मिनिटं बोलले. शेवटी ठरलं की रस्सा नागपूरहून येणाऱ्या वरपक्षाच्या मावशी स्वतः उभं राहून करून घेतील आणि त्या वेळात केटररनं भटारखान्यात पाऊल टाकायचं नाही.

हे ऐकून आमच्या आईला चेव आला. “त्यांची पाटोडी होणार, मग आपलं भरीत का नाही?” आता भरीत म्हणजे पुण्यात गॅसवर भाजतात आणि दही घालतात तो प्रकार नव्हे. जळगावची हिरवी, पांढुरक्या रेघांची वांगी. त्यांना २०१६ साली जीआय मानांकनसुद्धा मिळालंय, पण आईला ते सांगायची गरज नाही, तिच्या लेखी दुसरी वांगी अस्तित्वातच नाहीत. ती कपाशीच्या काड्यांच्या जाळावर साल काळी पडेपर्यंत भाजायची, सोलून लाकडी बडगीत ठेचायची आणि मग कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे घातलेल्या फोडणीत लोटायची. डिसेंबर म्हणजे तर भर हंगाम. मेहुण्याला वाटलं आपणही काही सुचवावं. तो म्हणाला, “हुरड्याची आगटी लावू, लॉनच्या मधोमध. गोवऱ्या मी आणतो.”

लॉनच्या मॅनेजरनं आगटी हा शब्द ऐकला आणि खुर्चीतून उठला. “गवत नवीन लावलंय, साहेब.” गवतावर आग नाही, गवताशेजारी आग नाही, पार्किंगमध्ये आग नाही, जनरेटरपाशी तर नाहीच नाही. हुरडा तिथंच बारगळला. भरिताला भटारखान्यामागची भिंतीलगतची जागा मिळाली, तीही ‘धूर शेजारच्या कार्यात जाता कामा नये’ या अटीवर. धुराला ही अट कुणी समजावून सांगायची, ते ठरलं नाही.

आणि मग आईनं मांड्यांचं नाव काढलं.

कन्येनं लहानपणी आजोळी मांडे होताना पाहिले होते. ती टाळ्या वाजवत उठली. “बाबा, हाच आपला लाइव्ह काउंटर!” खरं सांगायचं तर मलाही मोह झाला. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना हे लिहून कळणं अवघड. पुरण भरलेला उंडा बाई लाटत नाहीत, दोन्ही हातांवर खेळवतात. या हातावरून त्या हातावर, उलटा, सुलटा, आणि प्रत्येक खेपेला तो वाढत जातो, मनगटाच्या मागे सरकतो, कोपरापर्यंत पोचतो. आतलं पुरण दिसायला लागतं इतकी पोळी पातळ होते, पण फाटत नाही. मग एका झोकात ती चुलीवरच्या उलट्या खापरावर पसरायची. नायट्रोजनच्या धुरापेक्षा कितीतरी भारी खेळ, आणि टोपीही लागत नाही.

केटररनं कागद पुढे ओढला. “एक मांडा तीन मिनिटं. खापरं दोन. वेळ दोन तास. झाले ऐंशी. पाहुणे साडेचारशे. बसत नाही.”

“अर्धा अर्धा देऊ,” कन्या म्हणाली.

“एकशे साठ. बसत नाही.”

“मग पाव.”

“तीनशे वीस. तरी बसत नाही. आणि पाव मांडा द्यायचा तर द्रोणात घालून प्रसाद म्हणून वाटा.” पुढे त्यांनी धंद्यातलं एक गुपित सांगितलं. लाइव्ह काउंटरला ठेवायचे ते पदार्थ झटपट होणारे किंवा अर्धे आतूनच होऊन येणारे असतात. डोशाचं पीठ, पास्त्याचा सॉस, चाटाच्या चटण्या, सगळं तयार. पाहुण्यासमोर फक्त शेवटचा नाच. मांड्याचा सगळा नाच समोरच होतो. “लाइव्ह काउंटर म्हणजे पदार्थ नाही साहेब, रांग आहे रांग.”

तिसरं खापर आणि तिसऱ्या बाई शोधायचा प्रयत्न झाला. लग्नसराईत जळगावहून पुण्याला यायला दोघीजणी तयार झाल्या हेच पुष्कळ. कन्येनं मांडे ठेवले.

रिसेप्शन सातला सुरू झालं. साडेसातपर्यंत सगळं शिस्तीत होतं. लोक स्टेजवर जात होते, पाकीट देत होते, फोटो काढून उतरत होते. मग लॉनच्या कोपऱ्यात, विटांच्या ओट्यावर, जाळाचं काम गॅसला देऊन का होईना, पहिला मांडा हवेत गेला. मॅनेजरची आगीबद्दलची मतं आम्ही तिथं पाळली होती. पाचच मिनिटांत स्टेजपुढची रांग पातळ झाली आणि दहा मिनिटांत तिथं नवरा, नवरी आणि सनईची सीडी एवढेच उरले.

मांड्यांची रांग मात्र सरबताच्या टेबलाला वळसा घालून गेटपर्यंत पोचली. रांग सोडायची कुणाची तयारी नव्हती, त्यामुळे मी जवळून गेलो की लोक रांगेतूनच आहेराची पाकिटं माझ्या खिशात घालत होते. “मुलीला सांगा आलो होतो.” एका सद्गृहस्थांनी तर मला ओळखलंच नाही, पाकीट देऊन म्हणाले, “हे जरा वर द्याल का?” मी दिलं.

फोटोग्राफर कॅमेरा घेऊन खापरापाशी हजर. मांडा हवेत गेला, पण फोकस चुकला. “ताई, परत एकदा.” परत एकदा म्हणजे तीन मिनिटं. मग त्याला नवरा-नवरी मागे उभे हवेत. मग मांड्याच्या पडद्याआडून दोघं एकमेकांकडे बघताहेत, असं हवं. पोळी कोपरावर तोलून धरलेल्या बाई शेवटी म्हणाल्या, “भाऊ, पोळी आहे ही. वरमाला नाही.”

इतर गोष्टी थोडक्यात सांगतो. भरीत संपलं आणि परत झालं, शेजारच्या कार्यातली मंडळी धुराचा माग काढत आली आणि जेवून गेली. पास्ता होता तसा उरला. वरणभाताचे पेले पोरांनी आणि मधुमेहवाल्यांनी संपवले. आईनं सहा घेतले. “औषध चांगलं आहे,” म्हणाली. व्याह्यांना मी पाटोडीचं विचारलं, “कान झाले का गरम?” ते म्हणाले, “झाला जी. उजवा.”

मांडे साडेआठलाच आटोपले, पुरण संपलं. रांगेत उरलेल्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी पाणीवाटपाची देखरेख करायला गेलो. थोरल्या आत्याच्या पर्सला तुपाचा डाग पडलेला दिसला. मी काही विचारलं नाही.

रात्री अकराला ताटांची मोजदाद. आमची हमी साडेचारशेची, केटररच्या माणसाची मोजणी पाचशे बारा. कारण प्रत्येक काउंटरला नवं ताट घेणारी माणसं आपल्यात असतात. मेहुणा मोजायला बसला होता, त्याची संख्या चारशे एकोणऐंशी. श्रीखंडाचा डाग पडलेल्या शर्टाच्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? मधली रक्कम ठरली आणि केटररनं पावतीवर सही करताना ‘मांडे’ या शब्दाखाली पेननं दोनदा रेघ ओढली.

या मार्चमध्ये व्याह्यांचा फोन आला. त्यांच्या धाकट्याचं ठरलंय, नागपूरलाच. “त्या मांडेवाल्या बाईंचा नंबर द्या जी. आपल्याला दोनावर भागत नाही. आम्ही सहा खापरं लावून राहिलो.”

मी नंबर दिला. फोन ठेवल्यावर बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “आपल्याकडे कमी पडले, एवढंच सांगायचं होतं ना त्यांना?”