सोयाबीनला रात्री दिवे लावू नका

‘रात्री धुऱ्यावर दिवे लावा, सोयाबीनला लवकर फुलं येतील’ असा संदेश गावागावांत फिरतोय. हे चूक आहे, घडतं उलटंच. सोयाबीनला फुलोऱ्यासाठी लांब, सलग अंधार लागतो. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली अमेरिकेत तंबाखू-सोयाबीनवर दिवसमानाचा हा परिणाम दाखवला. पुढे उमगलं, की झाड खरं तर रात्र मोजतं. मध्येच उजेड पडला की रात्र तुटते अन् फुलोरा लांबतो. पानांतलं फायटोक्रोम नावाचं उजेड ओळखणारं रंगद्रव्य हा उजेड, त्यातही तांबडा, लगेच टिपतं. म्हणूनच रस्त्यावरच्या दिव्याजवळची तासं हिरवीगार दिसतात. तो जोम नव्हे! बाकी वावर सोंगणीला येतं, तिथल्या शेंगा मात्र भरायच्याच असतात. रानडुकरांसाठी दिवा हवाच असेल, तर तोंड पिकाकडे नको, बाहेर करा.