डोकी मोजायची की शिंगं? एका प्रतिक्रियेला उत्तर

सहकारावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, दुसऱ्यांदा वाचली तेव्हा पेन्सिल घेऊन बसलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: देश पुढे जातो तो भांडवलाने आणि यंत्रांनी. सहकारी संस्थेकडे भांडवल नसतं, ‘एक सभासद, एक मत’मुळे निर्णय रेंगाळतात आणि शेवटी सरकारच्या कुबड्या लागतात. ‘सहकाराने डेन्मार्क श्रीमंत केला’ हे माझं वाक्य तुम्हाला भाबडं वाटलं.

ते वाक्य मागे घेतो. इंग्लंडसारखं लोण्याचं गिऱ्हाईक समोर नसतं, तर नुसत्या सहकाराने काही झालं नसतं. पण सगळं श्रेय यंत्राला द्यायलाही मी तयार नाही.

1870च्या दशकात बाहेरचं स्वस्त धान्य युरोपात येऊ लागलं, भाव कोसळले आणि डॅनिश शेतकरी दुधाकडे वळले. दशक संपता संपता साय झटपट वेगळी करणारं सेपरेटर यंत्र आलं. पण चार-सहा गायी असलेल्याला ते कुठून परवडणार? बड्या जमीनदारांचं लोणी चढ्या भावाने जायचं. लहान शेतकऱ्याचं घरी घुसळलेलं लोणी आज एक, उद्या दुसरंच, त्यामुळे भावही पडेल. 1882 साली डेन्मार्कमधल्या जटलंड द्वीपकल्पाच्या पश्चिम भागात, येडिंग गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून डेअरी काढली आणि आठेक वर्षांत अशा शेकडो झाल्या.

भांडवल कुठून आलं? कर्जातून. सगळ्यांनी मिळून हमी घेतली आणि घरापुरतं ठेवून उरलेलं सगळं दूध काही वर्षं याच डेअरीला घालायचं, असं प्रत्येकाने लिहून दिलं. कर्ज देणाऱ्याला एवढं पुरेसं होतं. नफा भागांवर, म्हणजे शेअर्सवर, वाटला जात नसे. ज्याने जितकं दूध घातलं, तितका त्याचा वाटा. मत मात्र प्रत्येकी एकच. डोकी मोजायची, गुरं नव्हे, अशी तिकडे म्हणच आहे. डॅनिशमध्ये हे दोन शब्द जवळपास सारखेच ऐकू येतात, म्हणून ती लोकांच्या जिभेवर बसली असावी.

आता हे लोक काही संत नव्हते. दुधाचे पैसे नुसत्या वजनावर मिळत तोवर पाणी घालण्याचा मोह सभासदालाही होताच. फॅट तपासून पैसे द्यायला लागल्यावर त्या पाण्याला काही अर्थ उरला नाही. साय काढलेलं दूध घरी परत जायचं, ते डुकरांना घालायचे. मग 1887 साली तिथल्याच हॉर्सन्स शहरात डुकराच्या मांसाचा सहकारी कारखानाही निघाला. यंत्र विकत मिळतं हो, पण ही साखळी कुणाला विकत घेता आली असती?

भांडवलाची अडचण मात्र खरी आहे, तिथे तुमचंच बरोबर. भाग बाजारात विकता येत नाहीत, म्हणून मोठा विस्तार कर्जावर होतो. स्पेनमधल्या मॉन्ड्रॅगॉन या सहकारी संस्थांच्या समूहातली, घरगुती उपकरणं बनवणारी फागोर 2013 साली बुडाली. तिने फ्रान्समधली एक मोठी कंपनी विकत घेतली होती, त्यात 2008 नंतर घरबांधणी थंडावली आणि उपकरणांचा खप पडला. कामगार-सभासदांचे स्वतःचे पैसे गेले. त्यांतल्या अनेकांना समूहातल्या इतर संस्थांनी कामावर घेतलं, हेही खरं. पण बुडालेला पैसा बुडालाच.

सरकारी कुबड्यांबद्दल फार लिहीत नाही. टांझानियात सरकारने 1976 साली सहकारी संघ एका फटक्यात बरखास्त केले, काही वर्षांनी पुन्हा आणले. सरकारच्या एका हुकमाने ज्याचं दार बंद होतं आणि दुसऱ्याने उघडतं, ते सरकारी खातंच. पाटी सहकाराची असली तरी. त्याचा हिशेब माझ्या खात्यावर लावू नका.

उरला तुमचा शेवटचा प्रश्न: बाहेर चार पैसे जास्त मिळाले तर सभासद दूध तिकडे घालणार नाही का? घालेल की. म्हणूनच तर काही वर्षांचं बंधन लिहून घ्यावं लागलं. स्वखुशीने एकत्र आलेल्यांचं कौतुक करताना हे बंधन मी मूळ लेखात गाळलं होतं. आज घातलं आहे.