चोवीस खोल्या, माणूस एक

दादाने ग्रुपवर टाकलेला तो हाँगकाँगच्या घराचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला होता, त्यामुळे मी कट्ट्यावर पोचेपर्यंत वादाला तोंड फुटलंच होतं. दादा उभा राहून बोलत होता. लहान घरांच्या विषयावर त्याला बसून बोलताच येत नाही, कारण हाताने भिंती सरकवून दाखवायच्या असतात.

"बत्तीस चौरस मीटर! साडेतीनशे चौरस फूटसुद्धा नाही. आणि त्यात चोवीस प्रकारच्या खोल्या! एक भिंत ओढली की मागे स्वयंपाकघर, दुसरी ओढली की न्हाण्याचा टब, पलंग खाली पाडला की झोपायची खोली. गॅरी चँग या आर्किटेक्टने २००७ मध्ये स्वतःच्या घरात करून दाखवलं. जागा कमी नसते रे, डोकं कमी असतं!"

"राहतं कोण?" ताईने विचारलं.

"कुठे?"

"त्या चोवीस खोल्यांत. किती माणसं?"

दादाने हात खाली घेतले. "तो स्वतः."

"म्हणजे एक. तो पोरगा असताना त्याच घरात आईवडील, तीन बहिणी, हा, आणि वर एक भाडेकरू. सात जण. तेव्हा भिंती सरकत नव्हत्या. सगळे दुसरीकडे राहायला गेले आणि मग सरकायला लागल्या. भिंत सरकवायची तर आधी तिच्या वाटेत कुणी झोपलेलं नसावं लागतं, दादा."

ताई एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. लहान घरांचं काम आलं की सगळे तिच्याकडे ढकलतात. कुठलाही प्लॅन पुढे आला की ती आधी विचारते, माणसं किती आणि उठतात कधी. फर्निचरचं मग बघते. म्हणून तिचं मत मला इतर कुणापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

मास्तरांना मात्र एवढ्यावर विषय संपलेला चालणार नव्हता. ते इतिहास शिकवत असत आणि अजूनही त्यांचं प्रत्येक वाक्य सनापासून सुरू होतं.

"१९२४. हॉलंडमधलं उट्रेख्त. रीटवेल्ट नावाच्या आर्किटेक्टने श्रोडरबाईंसाठी घर बांधलं. वरचा अख्खा मजला सरकत्या पडद्या-भिंतींचा. दिवसा एक मोठी खोली, रात्री वेगवेगळ्या. आणि बाई एकट्या नव्हत्या हं, तीन मुलं होती. आता बोल."

"बोलते की. आराखड्यात त्या बाई स्वतः होत्या ना? वरचा मजला मोकळा हवा हा हट्ट कुणाचा होता?"

"त्यांचाच."

"आणि राहिल्या किती?"

"१९८५ पर्यंत. वारल्या तोपर्यंत." मास्तरांचा आवाज उतरला. आपणच आणलेलं उदाहरण कुठे चाललंय हे त्यांना कळलं होतं.

"साठ वर्षं! जिला रोज भिंती ओढायच्या होत्या तिनेच त्या कुठे हव्यात ते ठरवलं, म्हणून टिकलं. आमच्याकडे नवरा व्हिडिओ घेऊन येतो, पलंग भिंतीत हवा म्हणतो. मी विचारते, रोज सकाळी गादीचे पट्टे आवळून पलंग वर कोण लावणार? तो बायकोकडे बघतो. मग मी नकाशात साधा पलंग काढते."

मिस्त्री इतका वेळ गप्प होता. सुतारकामात त्याचा हात धरणारा आमच्यात कुणी नाही, पण तो बोलतो कमी. दादाचा पलंग निघाला की मात्र थांबत नाही, कारण दादाने त्याला न विचारता भिंतीतला पलंग तयार मागवला होता. त्याला आता दोन वर्षं झाली.

"मी तेव्हाच सांगितलं होतं," मिस्त्री म्हणाला. "पलंग उचलून धरणारा गॅसचा पंप किती वजनासाठी आहे ते बघ. पंप ठरतो पलंगाच्या वजनावर. तू त्यावर टाकलीस जाड गादी, मग उशा, मग ब्लँकेटं. पंपातला गॅस हळूहळू बसतो, पलंग तिरपा व्हायला लागतो. आणि ठोकलाय कशावर? चार इंची भिंतीवर! तिथे स्क्रू किती धरणार?"

"उत्तम चाललाय पलंग," दादा म्हणाला.

"माझं ड्रिल मशीन कुठंय?"

"देतो ना."

"पलंग बसवायला नेलं होतंस."

"अरे देतो म्हटलं ना! विषय काय चाललाय, तू काय काढतोस!"

खरं तर मिस्त्री विषयालाच धरून होता. लहान घरात बिजागरी, पंप आणि चॅनेल, म्हणजे दारं ज्यात सरकतात त्या पट्ट्या, हेच घराचे खांब होऊन बसतात. मोठ्या घरात एखादा दरवाजा अडला तर माणूस दुसऱ्या खोलीत जातो. इथे खालच्या चॅनेलमध्ये चिमूटभर माती गेली की कपाट अडतं, कपाट अडलं की पलंग उघडत नाही आणि पलंग उघडला नाही की झोप नाही. शक्य तिथे चॅनेल वर घ्या, खाली फक्त दिशा देणारी खिट्टी ठेवा, हे मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगून दमला आहे.

दादाने माघार न घेता दुसरी आघाडी उघडली. कॅप्सूल. कारखान्यात तयार झालेली खोली क्रेनने उचलायची आणि बोल्टने जोडायची. मास्तरांनी लगेच सन सांगितला: टोकियो, १९७२, आर्किटेक्ट कुरोकावांचा नाकागिन टॉवर, १४० कॅप्सूल, दर पंचवीस वर्षांनी बदलायच्या होत्या. "एकही बदलली नाही. २०२२ मध्ये सगळा टॉवर पाडायला घेतला." दादा म्हणाला की कल्पना चांगली होती, लोक नालायक निघाले. यावर कुणी काही बोललं नाही.

"आणि कॉर्बुझिए?" दादा पुन्हा उसळला. "एवढा मोठा आर्किटेक्ट! स्वतःसाठी काय बांधलं? बारा बाय बारा फुटांची एक खोली. आणि खूष होता."

मिस्त्रीने खिशातून खडू काढला, टेप सोडली आणि फुटपाथवर चौकोन आखला. ३.६६ मीटर या अंगाला, ३.६६ त्या अंगाला. "उंची?" त्याने विचारलं. मास्तर म्हणाले, "२.२६." मिस्त्रीने हात वर करून साडेसात फुटांचा अंदाज दाखवला. मग आम्ही सगळे त्या चौकोनात जाऊन उभे राहिलो. पलंग इथे, टेबल तिथे, हात धुवायचं भांडं कोपऱ्यात, पडद्यामागे संडास. सांगायला हवं, सहा माणसं उभी राहूनही तो चौकोन गुदमरवणारा वाटला नाही. दादाचा चेहरा उजळला.

"बघा! पुरतंय!"

"स्वयंपाक कुठे करायचा?" ताईने विचारलं.

दादाने चौकोनात चारी बाजूंना पाहिलं.

"नाहीच आहे," ती म्हणाली. "भिंतीत एक दार आहे आणि दारापलीकडे शेजाऱ्याची खाणावळ. समोर समुद्र. राहायचा तो सुट्टीत. ज्या घराचं स्वयंपाकघर शेजाऱ्याकडे आणि बैठकीची खोली समुद्रावर, ते बारा बाय बाराचं कसलं? लहान घरांचे हे सगळे चमत्कार उलटून बघ, मागे कुठेतरी दुसरं घर असतं नाहीतर दुसऱ्या कुणाचे तरी हात असतात."

मास्तरांनी इथे फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर आणलं. १९२६, शुट्टे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंचं, साधारण १.९ बाय ३.४ मीटर, आगगाडीच्या डायनिंग कारमधली रचना अभ्यासून आखलेलं, हात पोचेल तिथे डबा, पाऊल वाचेल तिथे ओटा. दहा हजारांच्या आसपास घरांत बसवलं. ताईला ते आवडतं, हे तिने मोकळेपणाने सांगितलं. "बाईचे पाय दुखतात ही गोष्ट कुणीतरी मापात पकडली. पण त्यात एकच माणूस मावतो. म्हणजे दुसऱ्याला मदत न करायला कारण मिळालं."

"माझी बायको म्हणते आपलंही तसंच आहे," भाऊ म्हणाला.

भाऊ कट्ट्याच्या टोकाला बसतो आणि बहुतेक वेळा फक्त ऐकतो. त्याच्या घरी एका खोलीत पाच जण राहतात. त्या दिवशी तो आपणहून बोलला. "मला पलंगाचं काही नाही. आम्ही खाली झोपतो, घडी घालतो, झालं. पण माझ्या पोरीला मैत्रिणीशी फोनवर बोलायचं तर जिन्यात जाऊन बसावं लागतं. थंडीतसुद्धा. मला तिच्यासाठी एक दार हवंय. आत कितीही कमी जागा असू दे."

क्षणभर दादासुद्धा काही बोलला नाही.

"हेच," ताई म्हणाली. "हे कुठल्याच व्हिडिओत नसतं. मास्तर, तो टोकियोतला टॉवर हाऊसवाला?"

"आझुमा. १९६६. वीस चौरस मीटरच्या आसपास जमीन, एकावर एक मजले चढवत नेले."

"आणि आत दारंच नाहीत. तिथे उंचीच दाराचं काम करते, एक वर, एक खाली. भाऊंकडे उंची किती आहे?"

"अकरा फूट असेल. जुनं बांधकाम आहे."

मग ताईने खडू घेतला आणि खरी चर्चा तिथे सुरू झाली. मी ती लक्ष देऊन ऐकली, कारण असं कुणी सांगत नाही. अकरा फुटांत दोन माणूसभर मजले होत नाहीत, हे तिने आधी सांगून टाकलं. पण एका कोपऱ्यात पोरीसाठी बसण्या-झोपण्यापुरता साडेतीन-चार फुटांचा माळा केला, तर खाली पावणेसात फूट उरतात आणि तिथे माणूस सरळ उभा राहतो. माळ्याला लाकडी झडप, आतून कडी. जिना उभाच होणार, तर पायऱ्या एकाआड एक अर्ध्या कापायच्या, प्रत्येक पायाला आपली पायरी. वयस्कर माणसाला त्यावर चढवायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माळ्याच्या वर भिंतीला झरोका पाडायचा, कारण गरम हवा वर जाते आणि झरोका नसेल तर पोरगी भट्टीत झोपेल.

"खिडकी कुठंय?" मिस्त्रीने विचारलं.

"एकच. रस्त्याच्या अंगाला."

"वरची कड सात फुटांवर?"

"असेल."

"सगळीकडे तेच," मिस्त्री म्हणाला. "लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, सात फुटांवर, स्लॅब दहा-अकरावर. मधल्या भिंतीचा उपयोग काय, तर पडद्याचा दांडा ठोकायला."

ताईने खडूने खिडकी काढली आणि तिथून आत एक तिरपी रेघ ओढली. खिडकीची वरची कड जितकी उंच, त्याच्या साधारण दोन-अडीचपट अंतरापर्यंत खोलीत कामापुरता उजेड जातो. सात फुटांवर असेल तर चौदा-सतरा फूट. तीच कड बीमच्या तळाशी, नऊ फुटांवर नेली तर अठरा-बावीस. जमीन एक इंच वाढली नाही आणि मागचा अंधारा कोपरा घरात आला. "इंजिनिअरला दाखवून, भाऊ. भिंत भार घेणारी असेल तर आपल्या मनाने फोडायची नाही."

"यात काय नावीन्य?" दादा म्हणाला. "खिडकी मोठी केली!"

ताई म्हणाली, "ओसाकात आंदो या आर्किटेक्टने १९७६ मध्ये काय केलं? सत्तावन्न चौरस मीटरचा प्लॉट, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. घराचे तीन भाग केले आणि मधला आकाशाला सोडला."

"आणि पावसात संडासला छत्री घेऊन जावं लागतं!" दादा ओरडला. हे त्याला पाठ होतं.

"नको बाबा," भाऊ म्हणाला.

"मलाही नको," ताई म्हणाली. "मी त्या घरात राहणार नाही. पण जागा नाही म्हणून सगळे कोपरे भरत सुटतात तिथे या माणसाने तिसरा हिस्सा रिकामा ठेवला, म्हणून उरलेल्या दोन हिश्श्यांना उजेड आणि वारा मिळाला. छत्रीवर हसायला दोन मिनिटं लागतात. ती रिकामी जागा सोडायला छाती लागते."

मी मनातून टाळी वाजवली. लहान घर म्हणजे सामान कोंबायचं कोडं, असं ज्या कुणी ठरवलं त्याने राहणाऱ्यांचं फार नुकसान केलंय. लोक कर्ज काढून कपाटं करतात आणि त्या कपाटांनीच खिडकी अर्धी झाकतात.

मास्तरांना अजून एक सन उरला होता. २००४, चिलीतलं इकिके, आर्किटेक्ट अरावेनांच्या गटाने शंभराच्या आसपास कुटुंबांना अर्धं घर बांधून दिलं. न्हाणीघर, स्वयंपाकघर, जिना, भक्कम भिंती त्यांनी उभ्या केल्या आणि शेजारची तेवढीच जागा मोकळी सोडली, ज्याने त्याने जमेल तशी भरायला. त्याही आधी इंदूरला आर्किटेक्ट दोशींनी अरण्य नावाच्या वसाहतीत तेच केलं होतं: जोतं, पाणी, संडास पक्के, बाकी घर राहणाऱ्याच्या ऐपतीने वाढणार. मिस्त्री हे ऐकून खूष झाला. "म्हणजे त्यांनी सुताराला काम ठेवलं. आणि चुकलं तर बदलता येईल एवढी जागा ठेवली. त्या तयार फर्निचरात सनमायका उडाला तर तुकडासुद्धा मिळत नाही."

"बरं, भाऊंचा माळा कधी करायचा?" ताईने विचारलं.

"रविवारी माप घेतो," मिस्त्री म्हणाला. "पण ड्रिल लागेल. दादा, आता खरंच आण."

दादा खाली बघून खडूचा चौकोन चपलेने पुसायला लागला.

"दादा?"

"ते पलंगाच्या मागे आहे. आतल्या फळीवर."

"मग पलंग पाड आणि काढ."

"पडत नाही. गेल्या आठवड्यात वर लावला तो तिथेच अडकलाय. गादीपण आतच आहे. आम्ही सतरंजीवर झोपतोय."

मिस्त्री एकदम कारागीर झाला. "काही नाही रे. बाजूचे चार स्क्रू काढायचे, चौकट सुटते. दहा मिनिटांचं काम. फक्त ते स्क्रू हाताने निघत नाहीत, त्याला..."

तो तिथेच थांबला. ताईच्या ते आधी लक्षात आलं, मग भाऊच्या. भाऊला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, तो कट्ट्यावरून खाली उतरून पोट धरून बसला. मास्तर "१९१२ मध्ये..." असं काहीतरी सुरू करत होते, पण कुणालाच ऐकू गेलं नाही. शेवटी दादाही हसला आणि म्हणाला, "पंचविसावी खोली आहे ती, फक्त ड्रिलसाठी."