दया नंतर, आधी पावती

पक्का ख्रिस्ती म्हणून मंडळीत नाव व्हावं असं वाटतंय ना? मग मागच्या महिन्यात मला जे शिकायला मिळालं, ते तुम्हीही शिकून घ्या.

आधी बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, सहाव्या अध्यायातलं सहावं वचन चिकटपट्टी लावून झाका. मला यज्ञ नको, दया पाहिजे, असं देव तिथे म्हणतो. बरं, येशूने हे वचन दोनदा काढलं: एकदा लोक ज्यांना पापी समजत त्या जकातदारांच्या पंगतीला बसला म्हणून परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे धार्मिक लोक, कुरकुरले तेव्हा, आणि एकदा भुकेल्या शिष्यांनी शब्बाथ दिवशी, म्हणजे काम बंद असलेल्या विसाव्याच्या दिवशी, कणसं मोडून खाल्ली तेव्हा. याचा अर्थ काय ते जाऊन शिका, असंही म्हणाला. तुम्ही जाऊ नका. उपासना चुकेल.

बाक ठरलेला ठेवा. त्यावर कुणी नवखा बसला तर बोलायचं काही नाही, नुसतं शेजारी उभं राहायचं.

प्रार्थनेत ‘हे दयाळू पित्या’ दर दोन वाक्यांनी आलंच पाहिजे. पिता दयाळू आहे म्हटल्यावर आपण कशाला?

येशूच्या दाखल्यातल्यासारखा यरीहोच्या वाटेवर अर्धमेला माणूस दिसला तर त्यातल्या याजक आणि लेवी या मंदिरातल्या सेवेकऱ्यांसारखी पलीकडची बाजू धरा. प्रेताला शिवून विटाळ व्हायचा उगाच. यहुदी ज्याला परका मानत, त्या शोमरोन्याचं सोडा. जखमांवर तेल नि द्राक्षारस ओतला, उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले, वर आणखी लागले तर परत येताना देतो म्हणाला. पावती घेतली का? नाही!

पावतीवरून आठवलं. वही चोख ठेवा. माझे काका गेले. तीन वर्षं अंथरुणाला खिळले होते. दफनविधीचं विचारायला गेलो, तर सेक्रेटरींनी आधी चष्मा पुसला, मग कपाटातून लांबलचक वही काढली आणि पट्टी ठेवून ओळ शोधली. काकांच्या नावापुढे 36 चौकोन रिकामे. ‘‘वर्गणी थकलीय. सभासदत्व चालू नाही.’’ मी म्हटलं, अहो, ते अंथरुणावर होते. ‘‘हो, ऐकलं होतं.’’ ऐकलं होतं! 36 महिने या माणसाने ऐकलं होतं, दर महिन्याला वही उघडून तो चौकोन रिकामा सोडला होता, आणि एकदाही जिना चढून वर आला नव्हता. बाजूला दोघांचा वेगळाच वाद चाललेला. ईस्टरआधीचा उपवासकाळ तोंडावर, त्याचा रंग जांभळा, आणि वेदीवरच्या नव्या कापडाचा जांभळा जरा फिका आला होता. घरात माणूस ताटकळत पडलंय आणि यांना जांभळ्याची चिंता! मी पैसे भरले. सेक्रेटरींनी सुटे मोजून परत दिले आणि पावतीवर काकांच्या नावामागे ‘श्री.’ लावलं.

पुदिना, शेप, जिरं यांचासुद्धा दशांश देता आणि न्याय, दया, विश्वास यांना सोडता, असं येशू परूश्यांना म्हणाला होता. दशांशही सोडू नका, हेही म्हणाला, ते मला ठाऊक आहे. वर्गणीला माझी ना नाही, मी दरमहा भरतो.

पण लाज वाटत नाही का हो तुम्हाला? मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, राजा न्यायाला बसून माणसांना मेंढरं आणि शेरडं यांच्यासारखं वेगळं करतो, तेव्हा कुणाची वही मागवतो का? भुकेला होतो, खायला दिलंत का? आजारी होतो, भेटायला आलात का? एवढंच विचारतो. हा उतारा तुम्ही दरवर्षी ऐकता, मोठ्याने आमेन म्हणता, आणि घरी जाऊन झोपता. दफनाच्या वेळी मात्र झाडून सगळे हजर होतात, काळे कपडे इस्त्री करून. तीन वर्षांत ज्यांनी फोन केला नाही, ते कबरीशी डोळे पुसत होते!

काकू अजून तिथेच आहेत, दुसऱ्या मजल्यावर, एकट्या. महिना झाला. तुमच्यापैकी एकजणही अजून फिरकलेला नाही.