गिरण्या संपांनी बुडाल्या म्हणे!

मे उजाडला की सोलापूरकरांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. सारांश असा : सोलापूर हे महाराष्ट्राचं मँचेस्टर होतं, मालक कामगारांना पोटच्या पोरासारखं सांभाळायचे, सुट्टी आणि ठरावीक तास त्यांनीच आपणहून दिले, मग बाहेरून लाल झेंडा आला, संप झाले, गिरण्या बुडाल्या, आता कायदे आहेत, तेव्हा युनियन हवी कशाला? खाली हात जोडलेले इमोजी. यंदा तो माझ्याच नातेवाइकांनी पाठवला, म्हणून हा प्रपंच.

आधी पोटच्या पोराचं बघू. सोलापूरची ‘जुनी गिरणी’, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची कापडगिरणी, १८७७ची. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८१ साली, देशातला पहिला कारखाना कायदा आला. त्यात काय होतं? सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नका आणि बारापर्यंतच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम करून घेऊ नका. एवढं सांगायला कायदा करावा लागला, यातच सगळं आलं. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात अवाक्षर नाही. गिरणीतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली ती १९११ साली. पुढे १९२२ला अकरा, १९३४ला दहा आणि १९४६ला दिवसाचे नऊ व आठवड्याचे ४८ तास. पासष्ट वर्षं लागली. आपणहून देणारा माणूस इतका वेळ लावत नाही.

रविवारच्या सुट्टीचंही तेच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र केलं, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. मुंबईच्या मालकांनी रविवार मान्य केला तो १० जून १८९० रोजी. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी : सुरुवातीच्या कायद्यांमागे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा दबावही होता. इथला माल स्वस्त पडू नये, हा त्यांचा हिशेब. कामगारांचा कळवळा तिथेही नव्हता.

आपल्याच गावातली आणखी एक गोष्ट सांगतो, जी त्या मजकुरात कधीच नसते. सेटलमेंट हा भाग सगळ्यांना माहीत आहे. नावाचा अर्थ फारसा कोणी विचारत नाही. इंग्रजांनी ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांना तिथे काटेरी तारेच्या आत ठेवलं होतं. हजेरी द्यायची आणि कामाला गिरणीत जायचं. ही तार सुटली १९५२ साली. तारेआडून येणाऱ्या कामगाराने पगाराची घासाघीस कुणाशी करायची?

लाल झेंडा ‘बाहेरून’ आला, हेही अर्धसत्य. १९३४ला पगारकपातीविरुद्ध इथल्या गिरण्यांत मोठा संप झाला. मीनाक्षी कऱ्हाडकर, म्हणजे पुढच्या मीनाक्षी साने, त्यात पुढे होत्या आणि त्यासाठी तुरुंगातही गेल्या. पगार आधी कापला गेला, संप नंतर झाला. हा क्रम मजकूर लिहिणाऱ्याने उलटा केला आहे.

आता मुख्य आरोप, संपांनी गिरण्या बुडाल्या. १९८२चा कामगारनेते दत्ता सामंतांचा संप मुंबईतल्या गिरण्यांचा. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो लांबला, कामगार देशोधडीला लागले, आणि नेतृत्वाच्या चुका झाल्या असं म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही. पण तो संप उचलून सोलापूरच्या गळ्यात कसा बांधता? इथल्या लक्ष्मी-विष्णू गिरणीचा भोंगा थांबला तो नव्वदच्या दशकात.

आणि जुन्या गिरणीचं काय झालं, हे तर सरकारी कागदावरच आहे. ऑगस्ट १९४९मध्ये ती व्यवस्थापनाने, महिनाभर आधी नोटीस देऊन, बंद केली. हजारो घरांची चूल विझली. जानेवारी १९५०मध्ये केंद्र सरकारने या एकाच कंपनीसाठी वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला, पुढे संसदेने कायदा केला. कायद्याच्या सुरुवातीलाच कारण लिहिलं आहे : गैरव्यवस्थापन आणि हेळसांड, त्यामुळे घटलेलं उत्पादन आणि बेकारी. संपाचं नाव तिथे नाही. भागधारक दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५०मध्ये कायदा टिकला. १९५३मध्ये मात्र, भरपाई न देता मालमत्ता ताब्यात घेतली म्हणून, न्यायालय सरकारच्या विरोधात गेलं. वाद मालमत्तेच्या हक्काचा होता. वकिलीच्या विद्यार्थ्यांना हे खटले आजही अभ्यासाला असतात. आपल्याच गावाच्या ग्रुपवर मात्र ‘युनियनने बुडवली’!

‘आता कायदे आहेत’ याबद्दल फार लिहीत नाही, आपल्याकडच्या विड्या वळणाऱ्या बायांकडे बघा म्हणजे झालं. त्यांच्यासाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधी आणि त्यासाठी विड्यांवर उपकर आला. कायदा झाला म्हणून घर आपोआप मिळालं नाही. सोलापूरजवळ कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली ती कम्युनिस्ट नेते आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं मोर्चे काढून, आणि बायांनी स्वतःचा हिस्सा भरून. २००६ला पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन चाव्या देऊन गेले. फोटो तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहिला. २०१७ला जीएसटीबरोबर तो उपकरही गेला. म्हणजे मिळालेलं टिकवायलाही कोणीतरी लागतं.

राहिली सुरक्षितता. १९४८च्या मूळ कारखाना कायद्यात, वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की ‘कारखाना’ ठरायचा. आता वीस लागतात. आपल्याकडचे यंत्रमाग बघा, कितीतरी शेड एवढ्यानेच कायद्याबाहेर राहतात.

मे २०२५मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली. आठ जण गेले. त्यात कामगार होते, खुद्द मालक होते आणि त्यांच्या घरातलं तान्हं मूलही. मालकाचं कुटुंब आणि कामगार त्याच आवारात राहायचे, त्यामुळे धुराला कोण कुणाचं हे ओळखता आलं नाही.