सहरीची भाकरी चालते, मग इन्सुलिन का नाही?

निपाणीहून शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी दुकानात काउंटरवर होतो. "अरे, तुझी खाला उठंनाच झालीय बघ. नुसती पाणी पाणी कराल्या, आणि बोलणंपण धड कळंना." खाला म्हणजे माझी मावशी. दुपारचे साडेचार वाजले होते. बेळगाव ते निपाणी पंचाहत्तर किलोमीटर. हत्तरगीचा टोलनाका त्या दिवशी संपता संपेना. मी पोचेपर्यंत काकूंच्या मुलानं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. साखर बघायच्या मशीनवर आकडाच नव्हता, नुसतं 'हाय' आलं होतं. बारा वर्षं मी मेडिकलच्या दुकानात आहे, त्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. साखर सहाशेच्या वर गेली की बहुतेक मशीन आकडा दाखवायचं सोडून देतात.

खाला वाचली. तिसऱ्या दिवशी घरी आली. मी फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात, अंड्यांच्या शेजारी, मीच दिलेली इन्सुलिनची बाटली उभी. झाकणाचं सीलसुद्धा मोडलेलं नाही. लाल टोपीच्या सुयांचं पुडकं जसंच्या तसं. ती पडली तेव्हा रमजान सुरू होऊन सहा दिवस झाले होते.

"सुई कायकू बंद करी, खाला?"

"सुई लिए तो रोजा मकरूह होता कते बेटा. मोबाइल में आया."

मकरूह म्हणजे नापसंत, डाग लागलेला. तो मेसेज आता माझ्याकडे आहे. 'असली रोजेदार की निशानियाँ'. वर हिरवा घुमट, खाली 'अकरा जणांना पाठवा, नाहीतर तुमचा रोजा अधुरा'. शब्द उर्दू, अक्षरं मराठी, मध्येच अख्खी मराठी वाक्यं. घरात दख्खनी, शाळेत मराठी आणि सरकारी कचेरीत कन्नड अशी तीन तोंडं सांभाळणाऱ्या आमच्या सीमाभागातल्या माणसाला बरोबर पोचेल असाच बेतलेला. मजकूर थोडक्यात असा: आजाराचं निमित्त करून रोजा सोडणाऱ्याचं ईमान कच्चं. इंजेक्शननं रोजा तुटतो, आणि सहरीच्या, म्हणजे पहाटेच्या खाण्याच्या, आधी घेतलेलं इंजेक्शनसुद्धा दिवसभर अंगात काम करत राहतं म्हणून तोही रोजा मकरूह. बोट टोचून रक्त काढलं तरी रोजा गेला. सहरी न करता रोजा ठेवला तर दुप्पट सवाब, म्हणजे पुण्य. तरावीह, म्हणजे रमजानातली रात्रीची नमाज, जितकी लांब तितकी कबूल, आणि मशिदीत लहान पोरं आणणारा गुनाहगार. सात वर्षांच्या पोराकडून पूर्ण रोजे करून घ्या, नाहीतर मार द्या. गैरमुस्लिमांच्या घरचं रमजानात घेऊ नका, त्यांना देऊ नका.

हे सगळं चिडून लिहितोय, ते लपवत नाही.

आधी इंजेक्शन. खाला दोन वेळा इन्सुलिन घेते, एक सहरीच्या आधी आणि एक इफ्तारच्या वेळी. म्हणजे रोज्याच्या वेळेत सुईचा प्रश्नच येत नव्हता. पण मेसेज लिहिणाऱ्यानं ती वाटही बंद केली: म्हणे, औषध दिवसभर अंगात काम करतं! अरे बाबा, सहरीची भाकरी काय करते मग? फज्रची, म्हणजे पहाटेची, अजान झाली की पोटातून उठून बाहेर जाते? तीही दुपारपर्यंत अंगात कामच करत असते. तिच्यासाठीच तर सहरी करायची. या हिशोबानं ज्यानं ज्यानं पहाटे दोन घास खाल्ले त्या सगळ्यांचे रोजे मकरूह. हे वाक्य लिहिताना त्या माणसाला स्वतःचं हसू कसं आलं नाही, कोण जाणे. आणि ते वाचून माझ्या खालानं सहा दिवस सुई घेतली नाही, वर इफ्तारला खजूर आणि सरबत. साखर आणखी कुठे जाणार होती?

रोज्याच्या वेळेत घेतलेल्या इंजेक्शनचं म्हणाल, तर १९९७ मध्ये जेद्दाहला आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मनियम) अकादमीच्या दहाव्या बैठकीत हा विषय निवांत चर्चेला आला होता. कातडीखाली, स्नायूत किंवा शिरेत दिलेल्या इंजेक्शननं रोजा तुटत नाही, तपासणीसाठी रक्त काढल्यानंही तुटत नाही, असं तिथं ठरलं. अपवाद एकच, पोषण देणाऱ्या सलाईनसारख्या गोष्टींचा. म्हणजे बोट टोचायचा मुद्दाही इथंच निकालात निघतो. उलट बोट टोचून बघणं हीच मधुमेही रोजेदाराची राखण आहे. साखर सत्तरच्या खाली आली किंवा तीनशेच्या वर गेली तर रोजा तिथंच सोडा असं डॉक्टर सांगतात. न टोचता ते कळणार कसं? स्वप्नात?

आता ईमान कच्चं असल्याचा मुद्दा. सगळ्यात जास्त विष यातच आहे, कारण खाला सुईपेक्षा या शब्दाला घाबरली. तिनं साठी ओलांडली आहे, चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या आहेत, तंबाखूच्या धुळीत खोकत खोकत रोजे केले आहेत. तिला 'तुझं ईमान कच्चं' म्हणणारा हा कोण?

रोज्याचा हुकूम कुरआनात जिथं आहे, त्या सूरह बकरह या अध्यायाच्या १८४ आणि १८५ व्या आयतींतच आजारी आणि मुसाफिर यांना सूट दिलेली आहे. दुसऱ्या दिवसांत मोजणी पुरी करा, ज्याला झेपत नाही त्यानं गरिबाला जेवू घाला, आणि लगेच पुढे: अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अवघडपणा नको आहे. सूट ही कुणी मागाहून चिकटवलेली पळवाट नाही, हुकमाच्या पोटातच आहे. ती देणाऱ्यानं दिली. ती परत घ्यायचा अधिकार या अकरा जणांना पाठवणाऱ्याला कुणी दिला?

हिजरी ८ मधला, म्हणजे इसवी सन ६३० मधला प्रसंग सहीह मुस्लिममध्ये, म्हणजे हदीसींच्या (पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या) एका संग्रहात आहे. रमजानातच नबी (स.), म्हणजे पैगंबर, मक्केकडे निघाले होते. वाटेत कुरा अल-गमीमला पोचेपर्यंत लोकांना रोजा जड जाऊ लागला. आपण काय करतो याकडे सगळ्यांची नजर लागली आहे हे कळल्यावर त्यांनी पाण्याचा प्याला मागवला, सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि प्यायले. मागाहून कुणी सांगितलं की काहींनी तरीही रोजा धरून ठेवलाय. त्यावर उत्तर काय आलं? शाबासकी नाही. 'ते नाफरमान आहेत,' आणि तेही दोनदा. आमच्या मेसेजवाल्याच्या यादीत हे लोक असली रोजेदार म्हणून पहिल्या नंबरावर असते.

दुसऱ्या एका सफरीची गोष्टही सहीह मुस्लिममध्येच आहे, खालाला मी तीच सांगितली. कडक ऊन होतं. रोजा ठेवलेले गळपटून पडले. न ठेवलेल्यांनी तंबू ठोकले, जनावरांना पाणी पाजलं. नबी म्हणाले, आज सगळा सवाब रोजा नसलेल्यांनी नेला.

आणि ज्या हदीससाठी मी हे लिहायला बसलो, ती अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. सफरीत एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. रात्री त्याला गुस्ल, म्हणजे पूर्ण अंघोळ, वाजिब (गरजेचा) झाला. त्यानं सोबत्यांना विचारलं, मला तयम्मुमची, म्हणजे पाण्याऐवजी मातीनं शुद्ध व्हायची, सूट मिळेल का? ते म्हणाले, पाणी मिळतंय, मग कसली सूट? त्यानं अंघोळ केली आणि तो मेला. ही बातमी नबींच्या कानावर गेली तेव्हा ते म्हणाले, 'यांनी त्याला मारलं. अल्लाह यांना मारो. माहीत नव्हतं तर विचारलं का नाही? अज्ञानाचं औषध विचारणं हेच आहे.' या रिवायतीच्या सनदीवर, म्हणजे ती सांगणाऱ्यांच्या साखळीवर, जाणकारांनी चर्चा केली आहे, शेवटच्या तुकड्यावर तर जास्तच, हे मला ठाऊक आहे. पण ती सांगणारे माझ्यासारखे दुकानदार नाहीत, ती पिढ्यान्पिढ्या मदरशांत शिकवली जाते. तिच्यातले सोबती वाईट नव्हते, हे लक्षात घ्या. नमाजी होते, सफरीतले साथीदार होते. फक्त त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी ठासून सांगितलं. 'मारलं' हा शब्द त्यांच्यासाठी वापरला गेला. मेसेज पुढे ढकलताना अंगठा क्षणभर थांबायला एवढं पुरे असावं.

एक मान्य करतो, नाइलाजानं. मेसेजमध्ये एक ओळ आहे की आजकालचे तरुण ॲसिडिटीचं कारण सांगून चहाच्या टपरीमागे सिगारेट ओढतात. ओढतात. मी रोज बघतो, त्यातले दोघं माझ्याकडूनच ॲसिडिटीची गोळी नेतात आणि गोळी घ्यायच्या आधी सिगारेट पेटवतात. धडधाकट माणसानं 'दीन में आसानी है', धर्मात सोपेपणा आहे, म्हणत रोजा टाकावा, ही काही नरमाई नाही. ज्याचा आजार बरा होणारा आहे त्यालाही फिदया, म्हणजे रोज्याबदली गरिबाचं जेवण, देऊन मोकळं होता येत नाही, पुढे कजा, म्हणजे राहिलेल्या रोज्यांची भरपाई, करावीच लागते. पण टपरीमागच्या पोरांवरचा राग मधुमेही म्हातारीवर काढायचा, हा कुठला न्याय?

बाकीचे मुद्दे झटपट उरकतो. सहरीविना दुप्पट सवाब हे साफ उलटं आहे. 'सहरी करा, तिच्यात बरकत आहे,' हे नबींचं सांगणं बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, आणि मध्ये न खाता रोज्याला रोजा जोडायला त्यांनी मनाई केली होती.

तरावीहचं बघा. नबींचे साथी मुआज इब्न जबल यांनी इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजात अख्खी सूरह बकरह, कुरआनातला सगळ्यात लांब अध्याय, धरली. दिवसभर उंटांबरोबर राबून आलेला एक माणूस जमातीतून, म्हणजे एकत्र नमाजेतून, बाजूला झाला. तक्रार नबींपर्यंत गेली तेव्हा रागवून घेतलं कुणी? मुआज यांनीच: 'लोकांना फितन्यात (संकटात) टाकतोस का?' मागे म्हातारे, अशक्त, कामाचे लोक असतात. आणि लहान पोरांचं म्हणाल, तर पोर रडताना ऐकू आलं की आईचा जीव कासावीस होईल म्हणून नबी स्वतः नमाज आटोपती घेत. म्हणजे आया पोरांना घेऊन मशिदीत येत होत्या. आमच्याकडे मागच्या सफेत (रांगेत) पोरगं खुदकन हसलं तरी चार म्हातारे सलाम फेरायच्या, म्हणजे नमाज संपायच्या, आत मान फेरतात.

सात वर्षांच्या पोरांच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. सातव्या वर्षी सांगा आणि दहाव्या वर्षी सक्ती करा ही हदीस नमाजची आहे. लिहिणाऱ्यानं ती उचलून रोज्याला लावली आणि दहाचे सात केले. सवय लावावी हे बरोबर. मदीनेतल्या बायका आशूराच्या, म्हणजे मुहर्रमच्या दहाव्या, दिवशी पोरांना रोजा ठेवायला लावत. पोर भुकेनं रडलं की लोकरीचं खेळणं हातात देत आणि इफ्तारपर्यंत रमवत. खेळणं देत, छडी नव्हे.

उरला शेजार. यावर फार लिहीत नाही, नाहीतर तोल जाईल. सूरह मुम्तहिनाची आठवी आयत वाचा: जे तुमच्याशी दीनवरून लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घरातून हुसकलं नाही, त्यांच्याशी भलाईनं आणि इन्साफानं वागायला अल्लाह मनाई करत नाही. नबींचे साथी अब्दुल्लाह इब्न अम्र यांच्या घरी बकरी कापली तेव्हा त्यांनी घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, आपल्या यहूदी शेजाऱ्याला पाठवलं का? २०२५ मध्ये ३० मार्चला पाडवा होता आणि दुसऱ्या दिवशी ईद. काकूंच्या घरून गव्हाच्या हुग्गीचा डबा आला, आमच्याकडून तोच डबा धुऊन शीरखुर्मा भरून गेला. रिकामा डबा परत करायचा नसतो हे आमच्या गल्लीत कुणाला मेसेजनं शिकवावं लागलं नाही. आणि काकूंनी त्या दिवशी 'हे रोजेवाले, आपल्याला काय करायचंय' म्हणून दार लावून घेतलं असतं, तर मी हे लिहीत बसलो नसतो.

घरच्या ग्रुपवर हे सगळं टाकलं. मामेभावाचं उत्तर आलं, 'तू डॉक्टर आहेस की मौलाना?' दोन्ही नाही. म्हणून दोघांना विचारलं. खालाच्या डॉक्टरांनी यंदा रोजा नकोच सांगितलं, आणि पुढच्या वेळी ठेवायचाच असेल तर रमजानच्या दीड-दोन महिने आधी या, डोस बदलावा लागतो, म्हणाले. पेशइमामसाहेब स्वतः खालाच्या घरी आले, बाहेरच्या खोलीत बसून म्हणाले, "आपा, सुई लो, फिदया दो, दुआ करो." अर्ध्या तासानं ग्रुपवर दुसऱ्याच नंबरवरून तोच मेसेज पुन्हा आला. हिरवा घुमट, अकरा जण, सगळं तेच.

खाला दोन दिवस रडली. "छोटी थी तब से एक रोजा नै छोडी मैं." पाणी प्यायचं तर पडद्यामागे जाऊन, स्टीलचा गिलास पदरात धरून. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो तर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसली होती. पुढ्यात तीन कलिंगडं, मोठं पातेलं, बाजूला काकू बिया काढत होत्या.

"ये किसके वास्ते?"

"मस्जिद की इफ्तारी कू." मग सुरी थांबवून म्हणाली, "वो तंबू ठोके सो लोगां कू सवाब मिल्या बोल्या था ना तू?"

"हौ."

ती परत फोडी करायला लागली. सहाला दहा मिनिटं होती तेव्हा तिनंच हाक मारली, "फ्रिज में से बाटली ला रे. सुई का टैम हुआ."