‘जुना सातारकर’ यांना उत्तर : दुर्बीण, वारा आणि पत्र्याची पाखरं

जुने सातारकर, नमस्कार.

आमच्या एअरगन फील्ड टार्गेटच्या, म्हणजे हवेच्या बंदुकीने मोकळ्या रानात पत्र्याची लक्ष्यं पाडायच्या स्पर्धेबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची सणसणीत प्रतिक्रिया आली. बाकीच्यांसाठी तिचा गोषवारा देतो. बंदुकीला दुर्बीण लावून पत्र्याची पाखरं पाडणं म्हणजे जत्रेतले फुगे फोडणं. नेमबाजी बघायची तर कोल्हापूरकडे बघा. बिनपरवान्याच्या बंदुका देऊन तुम्ही पोरांना शिकारीची चटक लावताय. आणि छर्ऱ्यांचं, म्हणजे बंदुकीतल्या बारक्या गोळ्यांचं शिसं शेवटी कुणाच्या तरी रानातच पडतं. तुम्ही मन लावून भांडलाय, तर मीही जरा ऐसपैस भांडतो.

दुर्बिणीपासून सुरुवात करू, कारण बऱ्याच जणांची गाडी तिथेच अडते. दुर्बीण लक्ष्य मोठं दाखवते, छर्रा कुठे जाणार हे ती सांगत नाही. आमची लक्ष्यं साधारण १० ते ५० मीटरच्या मध्ये कुठेही मांडलेली असतात. कुठलं किती लांब, हे कुणी सांगत नाही आणि लेझरने मोजायला बंदी. पत्र्याला एक गोल भोक असतं. लांबच्याला ४० मिलिमीटरचं, जवळच्याला कधी १५चं. छर्रा भोकातून जाऊन मागच्या पट्टीवर बसला तरच खिटी सुटते आणि पत्रा मागे पडतो. कडेला लागला तर ‘टण्ण’ वाजतं, पत्रा ढिम्म हलत नाही, गुण शून्य. पडला की लांब दोरी ओढून परत उभा करायचा.

आता समजा बंदूक ३५ मीटरला जुळवून ठेवलीय. ५० मीटरवर छर्रा दुर्बिणीतल्या फुलीच्या चार बोटं खाली लागतो, हे सगळ्यांनाच पटतं. पण १० मीटरवरही तो खालीच लागतो, हे नवख्याच्या गळी उतरत नाही. दुर्बीण नळीच्या वर बसवलेली, छर्रा निघतो नळीतून. दुर्बिणीच्या नजरेपर्यंत चढायला त्याला अंतर लागतं, आणि १० मीटरवर तो अजून सेंटीमीटरभर खालीच असतो. १५ मिलिमीटरचं भोक हुकायला तेवढं पुरतं. नाकासमोरचं लक्ष्य हुकलेला माणूस बंदुकीकडे ज्या नजरेने बघतो, ते बघायला तरी एकदा या.

अंतर ओळखायचं कसं? दुर्बिणीच्या कडेला फोकसचं मोठं चाक असतं. ते हळूहळू फिरवायचं. पत्र्यावरचा जुना ओरखडा किंवा सुटलेला रंगाचा पोपडा लख्ख दिसला की थांबायचं आणि चाकावर चिकटवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा. ४५ मीटरला ५० वाचलात तर छर्रा सुमारे तीन सेंटीमीटर वर जातो. भोकाची कड मध्यापासून दोनच सेंटीमीटरवर आहे. त्यात उन्हाने दुर्बीण तापली की सकाळी बरोबर असलेली पट्टी दुपारी थापा मारायला लागते.

आणि मग वारा. सातारकराला वाऱ्याबद्दल मी काय सांगू? चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा, ५० मीटर जायला त्याला पाव सेकंद लागतो. तेवढ्यात ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा त्याला दहा सेंटीमीटरहून जास्त सरकवतो. म्हणजे भोक सोडून पलीकडच्या गवतावर फुली ठेवायची आणि चाप ओढायचा. आमच्यात मिलिटरी अपशिंगे गावचे एक निवृत्त सुभेदार आहेत. नळीच्या टोकाला लोकरीचा धागा बांधतात, तो बघतात आणि तरीही गप्प बसून राहतात. एकदा विचारलं तर म्हणाले, “धागा इथला वारा सांगतो. मधल्या ओघळीतला कोण सांगणार?” मग ओघळीतलं कुसळ हलायचं थांबेपर्यंत वाट बघतात. घड्याळ चालू असतं, मागचे कुरकुरतात, सुभेदार ढळत नाहीत. जत्रेतल्या फुग्यांपुढे एवढं बसावं लागत नाही.

कोल्हापूरचं म्हणाल तर हात जोडलेले. तेजस्विनी सावंत २०१०च्या विश्वविजेत्या, राही सरनोबत यांचं २०१८चं आशियाई सुवर्ण, स्वप्नील कुसाळेचं २०२४चं पॅरिसमधलं कांस्य. १० मीटर एअर रायफलमध्ये तर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे आमची काय टाप! पण त्या खेळात अंतर ठरलेलं असतं. स्वप्नीलच्या ५० मीटरला वारा असतो, तरी लक्ष्य ५० वरच असतं. आमचा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही, त्यातून नोकरी लागत नाही. तरीही रविवारी पहाटे उठून लोक येतात. कबड्डी आहे म्हणून कुणी विटीदांडू मोडीत काढत नाही, तसंच हे.

शिकारीचा आक्षेप मी झटकणार नाही. हा खेळ १९८०च्या सुमारास इंग्लंडमध्ये सुरू झाला तो शिकाऱ्यांच्या सरावातूनच, म्हणून पत्रे ससा, कावळा, उंदीर अशा आकारांचे. आमचे बहुतेक पत्रे गोल आहेत. त्यामागे अहिंसा वगैरे काही नाही, एमआयडीसीतला फॅब्रिकेटर कावळा कापायचे जास्त पैसे सांगतो.

परवान्याचं म्हणाल तर २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीच्या एअरगनला तो लागत नाही. फील्ड टार्गेटची आंतरराष्ट्रीय मर्यादा त्याहून खाली, १६.२७ ज्यूल आहे. पण परवाना नको म्हणजे दिसेल ते मारा असं नव्हे. मोर असो की होला, १९७२च्या वन्यजीव कायद्याला बंदूक कुठली होती याच्याशी देणंघेणं नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने मारलेल्या होल्याचा फोटो टाकला होता. त्याच संध्याकाळी त्याला ग्रुपमधून आणि मैदानातून दोन्हीकडून काढला. अठरा वर्षांखालचं पोर आई-बापाशिवाय आलं तर त्याला दोरी ओढायला बसवतो, बंदूक देत नाही. चटक लागायचीच असेल तर छर्ऱ्याची बंदूक घरी एकट्याने हाताळणाऱ्याला आधी लागेल. आमच्याकडे शिट्टी झाली की नळी मोडून जमिनीवर, आणि तोवर लक्ष्याकडे कुणी पाऊल टाकत नाही.

शिशाबद्दल मात्र तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. पत्र्यावर आपटलेले छर्रे चपटे होऊन खालीच पडतात. ते गोळा करायला आम्ही प्रत्येक पत्र्याखाली जुने फ्लेक्स अंथरतो, मांडणी दर वेळी त्याच बांधाला लागून करतो. हुकलेले बांधाच्या मातीत घुसतात. जागेचे मालक तिथे जनावरं सोडत नाहीत, पण पावसाळ्यात त्या बांधावरून पाणी खालच्या वावरात उतरतं. त्यावर आमच्याकडे अजून तोड नाही. लक्ष्यांमागे वाळूच्या गोण्या रचायचा विचार चाललाय. गोण्यांचा हिशेब काढलाय, वाहून कोण नेणार एवढंच ठरायचंय.